नवीन चेन टाकली आणि आता पाचव्या-सहाव्या गियरला सटकतेय, कॅसेट पण बदलावी लागेल का?

कोथरूडचा_पेडलवाला

नमस्कार मंडळी, जरा वैतागलोय म्हणून लांबण लावतोय, सांभाळून घ्या.

माझी हायब्रिड आहे, मागे आठ स्पीडची ११-३२ कॅसेट (म्हणजे चाकावरच्या आठ दातेरी चकत्या, सगळ्यात छोटीला ११ दाते, मोठीला ३२), पुढे पेडलपाशी तीन चेनरिंग. घेऊन चार वर्षं झाली. आठवड्यातून तीन-चार दिवस कोथरूड ते हिंजवडी, चांदणी चौक, पाषाण, सूस असं करत ऑफिसला जातो आणि रविवारी अंगात आलं तर खडकवासला. ॲपवर एकूण साडेआठ हजार किमी दिसतायत. आणि हो, चेन एवढे दिवस कंपनीतून आलेलीच होती, हसू नका.

मागच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला टाकली तर दुकानदार म्हणाला चेन पार गेलीय, बदलतो. म्हटलं बदला. घरी येईपर्यंत मस्त, एकदम गपगार चालली. सोमवारी सकाळी चांदणी चौकाच्या चढाला उभा राहून जोर लावला आणि खाड्कन चेन सटकली, पाय पोकळ खाली गेला, गुडघा हँडलच्या दांडीवर. मागून पीएमटी येत होती, नशीब ड्रायव्हर शहाणा. आता परिस्थिती अशी की पाचव्या आणि सहाव्या गियरला जोर लावला की सटकते, पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्याला अजिबात नाही. जुन्या चेनवर हे एकदाही झालं नव्हतं!! परत दुकानात गेलो तर म्हणे आता कॅसेट बदला, आणि पुढचा क्रँकसेट (पेडलच्या दांड्या आणि पुढच्या रिंगा) पण. सगळं मिळून साडेचार हजाराच्या पुढे जातंय.

माझं म्हणणं, हे आधी का नाही सांगितलं? चांगली चालणारी सायकल दुकानात नेली आणि बिघडवून आणली असं झालं. फसवतोय का तो? की नुसतं गियर ट्यूनिंग करून भागेल? आणि मुळात चेन किती किमीला बदलायची असते, कोणी दोन हजार म्हणतं कोणी दहा हजार.

---

नाशिकचा_घाटवेडा

आधी गुडघ्याला बर्फ लाव. जोर लावताना सटकणारी चेन म्हणजे ब्रेक फेल असल्यासारखंच समजायचं, तोवर उभं राहून पेडल मारू नकोस.

फसवत नाहीये तो, पण अर्धवट सांगितलं हे खरं. जुन्या चेनवर का होत नव्हतं ते सांगतो. सायकलच्या चेनचा सांधा ते सांधा अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, मग ती साधी बिनगियरची काळी सायकल असो नाहीतर बारा स्पीडची कार्बन. चेन जुनी होते तशी ती "ताणते" असं सगळे म्हणतात, पण ताणत वगैरे काही नाही, लोखंड आहे ते, इलॅस्टिक नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि ती ज्या भोकात फिरते ते भोक दोन्ही झिजतं, प्रत्येक ठिकाणी केसाएवढी फट पडते, आणि शंभराच्या वर सांधे असल्यामुळे त्या फटींची बेरीज होऊन चेन लांब होते. आता ही लांबलेली चेन दात्यांच्या बुडात बसत नाही, जरा वर चढून बसते आणि दात्यांना आपल्या मापाचं करून घेते. दात्यांमधली खोबण एका बाजूने ओढल्यासारखी होते. म्हणजे जुनी चेन आणि जुनी कॅसेट एकमेकांच्या सवयीच्या झाल्यात, जुन्या जोडप्यासारखं, दोघांचं बिनसलेलं आहे पण एकत्र चालतंय. त्यात तू नवीन १२.७ वाली आणून बसवलीस, ती त्या ओढलेल्या खोबणीत नीट बसत नाही, सगळा जोर एक-दोन दात्यांवर येतो आणि रोलर दात्यावरून वर चढून पुढे उडी मारतो.

पाचव्या-सहाव्यालाच का, तर ११-३२च्या आठमध्ये त्या १८ आणि १५ दात्यांच्या चकत्या. ऑफिसला जाताना तू सगळा वेळ तिथेच असणार. २८, ३२ तू फक्त चढाला वापरतोस आणि त्यांना दातेही जास्त, जोर वाटला जातो. १५च्या चकतीवर एका वेळी चेन जेमतेम सात दात्यांना धरून असते, ३२ला त्याच्या दुप्पट. म्हणून छोट्या चकत्या आधी झिजतात आणि चेन तिथेच आधी सटकते.

ट्यूनिंगने जाईल का? तुझ्या वर्णनावरून नाही. तरी खात्री म्हणून बघ:
सगळ्या गियरला ठरावीक अंतराने, म्हणजे पेडलच्या दोन-तीन फेऱ्यांनी एकदा टक् होत असेल तर चेनचा एखादा सांधा घट्ट राहिलाय, बहुतेक जिथे जोडली तिथला. पेडल उलटं फिरवत मागच्या डिरेलरपाशी (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) बघ, एक लिंक वाकडी होऊन जाताना दिसेल.
जोर न लावता पण कटकट करत शेजारच्या गियरवर जायला बघत असेल तर केबल किंवा वाकलेला हँगर (डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा).
आणि गियर कुठलाही असो, पेडल एकदम पोकळ जात असेल पण चेन जागेवर असेल, तर फ्रीहब (मागच्या चाकाचा कॅसेट बसते तो भाग).
तुझं यातलं काहीच नाही. फक्त लाडक्या दोन गियरला, फक्त जोराला. कॅसेटच.

क्रँकसेटचं मात्र फोटो टाक, लगेच हो म्हणू नकोस.

---

पान्हा_पक्कड_सांगली

मी स्वतः दुकानवाला. गेली बावीस वर्षं सायकलीच करतोय, म्हणून दुकानदाराच्या बाजूनं दोन शब्द. गिऱ्हाईकाला आधीच म्हटलं की दादा चेन गेलीय पण कॅसेट पण लागंल, की लगेच चेहरा पडतो आणि मग बाहेर जाऊन सांगतात लुटतो म्हणून. नुसती चेन टाकली आणि सटकली की परत तेच, बिघडवली म्हणून. आम्ही कुठं जायचं सांगा. पण एक चूक त्याची हाय, चेन टाकल्यावर चढाला उभं राहून एक चक्कर मारून बघायला पायजे होती. स्टँडवर हातानं पेडल फिरवून हे कधीच कळत नाही, स्टँडवर सगळ्याच सायकली शहाण्या असतात.

आता पैसे वाचवायचा उपाय सांगतो, पटला तर बघा. जुनी चेन तुमच्याकडं हाय का? असली तर तीच परत टाका. होय, जुनीच. नवी पुसून तेल लावून पिशवीत ठेवा. जुनी चेन जुनी कॅसेट जुना क्रँक ह्यांचं चांगलं जमलंय तर मरेपर्यंत चालवा त्यांना. सहा महिने वर्षभर सहज जातंय. मग एकदमच सगळं बदला, नवी चेन तुमच्याकडं हायच. ज्याला रोज दूध घालायला जायचंय त्याला मी हेच सांगतो, मोजमाप बिजमाप काय नको.

काळ्या सायकलीचं तर आणखी सोपं. तिथं डिरेलर नाही, चेन सैल झाली की मागचं चाक पाठीमागं ओढायचं, जागा संपली की एक लिंक काढायची, तरी नाही भागलं तर चेन आणि फ्री (मागचं दातेरी चाक) एकदम नवीन. फ्री स्वस्त असतंय. माझ्या वडलांनी एकाच चेनवर किती वर्षं काढली त्याचा हिशोबच नाही, शेवटी ती चेन हातात आडवी धरली की लुंगीसारखी लोंबायची.

---

ठाण्याची_ब्रेव्हेवाली

काकांचं जुनी चेन परत टाकायचं बरोबर आहे, तुमच्या केसमध्ये तेच सगळ्यात स्वस्त. पण "मरेपर्यंत चालवा" सगळ्यांना सांगू नका हो, त्यात दोन गोष्टी राहून जातात.

एक म्हणजे पुढचा क्रँकसेट. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या हायब्रिडवर पुढच्या तिन्ही रिंगा बऱ्याचदा रिव्हेट मारून जोडलेल्या असतात, एकटी मधली रिंग बदलता येत नाही, अख्खा क्रँकसेट घ्यावा लागतो. चेन वेळेवर बदलली तर पुढच्या रिंगा खूप वर्षं जातात कारण त्यांना दाते जास्त. मरेपर्यंत चालवली की त्या पण खाऊन टाकते. दुसरी म्हणजे झिजलेली चेन तुटते. माझी तुटली आहे. तीनशे किमीच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड), रात्री अकरा वाजता, इगतपुरीच्या अलीकडे, पावसात. वीस तास असतात तीनशेला, त्यातला पाऊण तास मी मोबाईलच्या उजेडात चेन कटर फिरवत बसले होते. तेव्हापासून मोजते.

मोजायचं कसं, चेन चेकर नसला तरी चालतं. तीस सेंटिमीटरची स्टीलची पट्टी घ्यायची, प्लॅस्टिकची नको. चेन सायकलवरच ठेवून पेडलवर जरा भार द्यायचा म्हणजे वरची बाजू ताठ होते, तिथे मोजायचं. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवायचं, ती पिन सोडून पुढे वीस पिना मोजायच्या. नवी चेन असेल तर विसावी पिन बरोब्बर २५४ मिमीवर येते, कारण दहा इंच. अकरा-बारा स्पीडला २५५ आणि वर पाव मिमी झाले की बदलायची, तो अर्धा टक्का. आठ-नऊ-दहा स्पीडला २५६च्या आत बदलली की कॅसेट वाचते, तो पाऊण टक्क्याच्या आसपास. २५६.५ म्हणजे एक टक्का, तिथे पोचलात की नवीन चेन टाकून सटकली तर आश्चर्य नको. पिना जोडीने मोजायच्या म्हणजे सम संख्येत, कारण झीज एकाआड एक लिंकवर दिसते, विषम मोजलीत तर आकडा चुकतो. बाजारातले आत अडकवायचे चेकर बरे आहेत पण त्यातले बरेचसे रोलरचा ढिलेपणा पण मोजतात त्यामुळे जरा आधीच "बदला" म्हणतात. पट्टी खोटं बोलत नाही.

किमी विचारू नका कारण उत्तरच नाही त्याला. माझीच एक चेन पावसाळ्यात, घोडबंदरच्या त्या कायमच्या खोदकामातून, अडीच हजाराला गेली आणि तीच कंपनी तेच मॉडेल नोव्हेंबर ते मे साडेपाच हजार चालली. ओल्या तेलाला बारीक माती चिकटते आणि ती आत पिनेपाशी जाते, मग प्रत्येक फेरीला सहाणेवर उगाळल्यासारखं चालू. बाहेरून चेन काळीकुट्ट तेलकट दिसते, माणसाला वाटतं वाह काय वंगण आहे, आणि आत उगाळण चाललेलं. तेल एकेका रोलरवर एकेक थेंब, दहा मिनिटं थांबायचं, मग फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढायचं. बाहेर तेल लागतच नाही. मी हल्ली उन्हाळ्यात मेण वापरते, चेन मिनरल टर्पेंटाइनमध्ये दोनदा धुवून, मग गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात वितळवलेल्या पॅराफिन मेणात बुडवायची. गॅसवर डायरेक्ट मेण ठेवू नका, पेट घेतं. आणि ते भांडं परत स्वयंपाकाला वापरू नका, आमच्याकडे यावरून झालंय. पावसाळ्यात मात्र मेण बेकार, दोन भिजण्यात धुवून जातं आणि चेन तांबूस दिसायला लागते.

---

विदर्भ_एक्स्प्रेस

चेन बदलायला सेकंडहँड हिरो घेण्याइतका खर्च येते तर सायकलच का नाही बदलत भौ 😄

---

पान्हा_पक्कड_सांगली

ठाणेवाल्या ताईंचं मान्य. मोजणाऱ्याला माझा सल्ला नाहीच. न मोजणारे दहातले नऊ असत्यात, त्यांच्यासाठी बोललो.

एक राहिलं. नवीन चेन घेताना जुनी शेजारी ठेवून लांबीला लांबी लावून कापू नका. जुनी लांबलेली असती, तुम्ही नवीन एक लिंक जास्त ठेवून बसता. लिंका मोजायच्या. आणि क्विक लिंक (चेनची टोकं जोडायची लिंक) आठ स्पीडची आठलाच, नऊची नऊला, चेनची रुंदी कमी कमी होत जाते तशी. परवा एकजण दहाची क्विक लिंक आठच्या चेनला बसत नाही म्हणून हातोडी घेऊन बसला होता.

---

कोथरूडचा_पेडलवाला

सगळ्यांचे आभार, आणि अपडेट.

जुनी चेन दुकानात मागायला गेलो, म्हटलं आता भंगारात गेली असणार, पण त्याने एका डालड्याच्या डब्यातून काढून दिली, त्या डब्यात अशा पंधरावीस चेन होत्या. घरी आणून रॉकेलमध्ये टाकली (रॉकेल मिळत नाही आता, डिझेलमध्ये टाकली), पुसली आणि ब्रेव्हेवाली ताईंनी सांगितल्याप्रमाणे पट्टी लावली. २५७!! दोनदा मोजलं, बायकोला मोजायला लावलं, २५७च.

मग गंमत म्हणून दोन्ही चेन गॅलरीतल्या कपड्याच्या खिळ्याला शेजारी शेजारी लटकवल्या, दोन्हीच्या लिंका मोजल्या ११०-११० (हे दुकानदाराने बरोबर केलं होतं). वरून दोन्ही सारख्या, आणि खाली जाईपर्यंत जुनी दीड सेंटिमीटरच्या वर खाली आली, म्हणजे एक अख्खी लिंक आणि वर थोडं. फोटो काढलाय. मग आडव्या धरल्या, नवीन जेमतेम वाकते आणि जुनी खरंच लुंगी.

पुढच्या मधल्या रिंगेचा फोटो पण टाकतोय. मला तरी शार्कच्या पंखासारखे वाटतायत दाते, पण काही दाते मुद्दाम छोटे आहेत का? घाबरून गेलो बघून.

---

नाशिकचा_घाटवेडा

२५४चे २५७ म्हणजे एक टक्क्याच्याही वर. वीस सांध्यांत तीन मिमी, एकेका सांध्यात ०.१५, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाची दीड पानं. एवढ्याशा फटीने तुझी कॅसेट खाल्ली.

मधल्या रिंगेचा फोटो बघितला. छोटे आणि तिरके कापलेले दाते कारखान्यातूनच तसे येतात, चेन वर चढवायला आणि उतरवायला सोपं जावं म्हणून, शेजारी बारीक खिळे पण दिसतील आतल्या बाजूला. ते बघून दरवर्षी कोणीतरी चांगला क्रँकसेट फेकतं. बाकीचे पूर्ण दाते बघ, एका बाजूला झुकलेत का आणि टोकं सुईसारखी झालीत का. तुझे झुकलेत थोडे, पण टोक अजून बोथट आहे. माझ्या मते चालेल. नवीन चेन आणि नवीन कॅसेट टाक, क्रँकसेट राहू दे. नंतर पेडलला जोर लावताना चेन खालच्या बाजूने रिंगेला चिकटून वर ओढली जाते का तेवढं बघ. ओढली गेली तर रिंग गेली, नाही ओढली तर दोन हजार वाचले. डिरेलरची दोन छोटी प्लॅस्टिक चाकं पण बघून घे, त्यांचे दाते टोकदार झाले असले तरी ती स्वस्तात मिळतात.

जुनी चेन परत टाकून अजून वर्ष काढायचं का, हा तुझा प्रश्न. मी नाही टाकणार. २५७वर ती मधल्या रिंगेला उरलेलं आयुष्य देणार नाही, आणि रिंग गेली की अख्खा क्रँकसेट. काकांचं गणित रिंग पण गेलेली असती तर बरोबर होतं.

---

पान्हा_पक्कड_सांगली

फोटो बघितला. नाशिकवाल्यांचं बरोबर. कॅसेट टाका, क्रँक ऱ्हावू द्या.

कॅसेट घरीच बदला की. लॉकरिंगचा (कॅसेट आवळून धरणारी रिंग) टूल लागतोय आणि एक मोठा पान्हा. आणि कॅसेट धरून ठेवायला चेन व्हिप, नाहीतर ती उलटी फिरत ऱ्हाती. चेन व्हिप विकत घेऊ नका, तुमच्याकडं आता ११० लिंकांची फुकटची चेन हाय. फूटभर लोखंडी पट्टी घ्या, एका टोकाला नट-बोल्टनं तेरा-चौदा लिंकांचा तुकडा अडकवा, त्याच्या खाली दोन बोटांवर आणखी दोन-तीन लिंका. झालं. बसवताना लॉकरिंग कटकटकट आवाज करत घट्ट होतंय, काय तरी मोडलं म्हणून सोडू नका, तो आवाज यायलाच पायजे. फ्रीहबच्या खाचांपैकी एक अरुंद असती, ती बघूनच एकेक चकती बसवा, उलटसुलट बसतच नाहीत.

---

ठाण्याची_ब्रेव्हेवाली

आणि नवीन चेन कधी चढवली ती तारीख फ्रेमच्या खाली मार्करने लिहून ठेवा. मी तरी लिहिते. दर पाचशे किमीला पट्टी, दोन मिनिटांचं काम.

---

कोथरूडचा_पेडलवाला

कॅसेट ऑर्डर केली, चौदाशेला पडली, टूल साडेतीनशे. पट्टी शेजारच्या ग्रिलवाल्याकडून भोकं पाडून आणली, त्याने विचारलं हे काय, म्हटलं सायकलचा चाबूक. शनिवारी बसवतो. तोवर ऑफिसला बसने, त्याच चांदणी चौकातून, उभ्याने.